लेणें आणि गुहा

"आम्हांस गुहा पाहावयाची आहे," असा हट्ट एकलहऱ्याच्या मुलांनीं धरिला, म्हणजे वडील मंडळी त्यांस पांडवलेण्यांस घेऊन जातात. तेथें अवश्य जावें. परंतु ती गुहा नव्हे. त्रिरश्मी डोंगरांतील तीं लेणीं माणसांनीं छिन्नीनें कोरलेलीं आहेत. हें लेणें व ह्या पोढ्या, म्हणजे पाण्याचीं टांकीं, आपण करविलीं, असें उषवदातानें सुमारें १९०० वर्षांपूर्वीं तेथेंच लिहून ठेविलें आहे.

मग आपोआप गुहा होते कशी? मेक्सिको देशांत मिश्तेक लोकांच्या मुलुखांत चुनखडीचे डोंगर आहेत. पावसाचें पाणी हवेंतील व मातींतील कर्बाम्लवायु घेऊन किंचित् आंबट होतें, आणि चुनखडी त्यांत हळूहळू विरघळते. अशा रीतीनें तेथें मोठाल्या गुहा झाल्या. प्राचीन मिश्तेक लोक गुहेस पर्जन्यदेवतेचें ठिकाण मानीत. पाण्यानें घडविलेल्या जागीं पाण्याचाच देव!

आपला काळा दगड असा विरघळत नाहीं. सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीं पृथ्वीच्या पोटांतून निघालेला तप्त रस थरावर थर सांचून तो झाला. दोन थरांमध्यें कोठें कोठें विटकरी रंगाचा मऊ पट्टा दिसतो. वरच्या भेगांतून मुरलेलें पाणी ह्या पट्ट्यापाशीं अडतें व आडवें पाझरतें. मऊ भाग झिजून जातो. वरचा कठीण दगड छपरासारखा पुढें राहतो. हीच कपार, गुराख्याचा पावसांतला आसरा.

अशा कपारीखालीं गेलांत तर प्रथम वर पाहावें. ताजे कोसळलेले धोंडे किंवा आग्या मोहोळ दिसल्यास तसेंच मागें फिरावें. एरव्हीं मागल्या भिंतीस हात लावून पाहावा. चैत्रांतही ती ओली लागली, तर डोंगराच्या पोटांत पाणी शिल्लक आहे असें समजावें. एकलहऱ्यास गोदावरी जवळ आहे. डोंगराखालील कित्येक वाड्यांची भिस्त मात्र अशाच पाझरावर असते. माथ्यावरील झाडी तुटली कीं पाऊस मुरत नाहीं, धांवत निघून जातो, आणि वाडींतील बायकांची घागर दूरच्या विहिरीची वाट धरते.

ह्या दगडांत मुठीएवढ्याही गुहा असतात. रस थंड होतांना आंत कोंडलेल्या वायूच्या त्या पोकळ्या. पुढें त्यांत स्फटिक जमले, पांढरे, गुलाबी, क्वचित् हिरवे. विहीर खणतांना ते सांपडतात; सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयांत ते मांडलेले आहेत. मला तर ह्याच गुहा अधिक आवडतात. त्यांत शिरतां येत नाहीं, एवढेंच.