ब्रेक डिस्क व पॅड यांचे आयुर्मान

ब्रेक डिस्क व ब्रेक पॅड हे मोटारगाडीच्या डिस्क ब्रेक प्रणालीतील घर्षणामुळे झिजणारे भाग आहेत. त्यांचे आयुष्य वर्षांपेक्षा वापरावर अवलंबून असते. प्रवासी मोटारीचे पुढील पॅड साधारणतः ३०,००० ते ७०,००० किलोमीटर टिकतात. डिस्क बहुधा पॅडच्या दोन किंवा अधिक जोड्यांइतकी टिकते.

कार्य आणि झीज

डिस्क चाकाबरोबर फिरते व बहुतांशी बिडापासून बनवलेली असते. पायटा दाबल्यावर ब्रेक द्रवाच्या दाबाने कॅलिपरमधील दट्ट्या पुढे सरकतो आणि दोन्ही बाजूंचे पॅड डिस्कवर आवळले जातात. गाडीच्या गतिज ऊर्जेचे घर्षणाने उष्णतेत रूपांतर होते. या क्रियेत पॅडचे अस्तर जलद, तर डिस्क सावकाश झिजते. स्वस्त व सहज बदलता येणारा भाग आधी झिजावा, अशीच ही रचना असते.

आयुर्मानावर परिणाम करणारे घटक

वेग: गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १,२०० किलोग्रॅम वस्तुमानाची गाडी ताशी ५० किलोमीटर वेगावरून थांबवताना सुमारे १.१६ लाख जूल, तर ताशी १०० किलोमीटरवरून थांबवताना सुमारे ४.६३ लाख जूल, म्हणजे चौपट ऊर्जा काढून घ्यावी लागते.

रस्ता: महामार्गावर ब्रेक क्वचित लागतो, शहरातील गर्दीत वारंवार, त्यामुळे समान अंतरात शहरी गाडीचे पॅड अधिक झिजतात. खंडाळ्यासारख्या घाटात सुमारे ५०० मीटर खाली उतरताना याच गाडीची स्थितिज ऊर्जा सुमारे ५९ लाख जूलने घटते. ही ऊर्जा ताशी १०० किलोमीटरवरून बारा-तेरा वेळा थांबण्याइतकी आहे. खालचा गिअर वापरल्यास तिचा काही भाग इंजिन शोषून घेते. केवळ ब्रेकवर विसंबल्यास पॅड अतितप्त होऊन पकड कमी होते; यास ‘ब्रेक फेड’ म्हणतात.

चाकाचे स्थान: ब्रेक लावताना गाडीचा भार पुढे सरकतो. त्यामुळे पुढील चाकांचे ब्रेक अधिक काम करतात व सहसा लवकर झिजतात.

वाहनाचा प्रकार: विद्युत व संकरित गाड्यांत वेग कमी करताना मोटर जनित्राप्रमाणे चालून ऊर्जा बॅटरीत परत पाठवते. त्यामुळे पॅड दीर्घकाळ टिकतात. मात्र अल्प वापरामुळे, विशेषतः दमट हवेत, डिस्क गंजण्याचा संभव वाढतो.

झिजेची लक्षणे

नव्या पॅडवरील अस्तराची जाडी साधारणतः १० ते १२ मिलिमीटर असते. ती सुमारे ३ मिलिमीटर उरल्यावर पॅड बदलणे योग्य समजले जाते. अनेक पॅडना धातूची पट्टी जोडलेली असते. अस्तर संपत आले की ती डिस्कला घासून कर्कश आवाज करते. काही गाड्यांत यासाठी विद्युत संवेदक असतो. अस्तर पूर्ण संपल्यास पॅडची पोलादी पाटी थेट डिस्कवर घासते. डिस्कवर खोल चरे पडतात व थांबण्याचे अंतर धोकादायकरीत्या वाढते.

डिस्कची किमान जाडी बहुधा तिच्यावरच कोरलेली असते. त्याहून पातळ झालेली डिस्क कमी उष्णता सामावते व तिला तडे जाऊ शकतात. ब्रेक लावताना पायट्याला वा सुकाणूला थरथर जाणवणे, हे डिस्कची जाडी असमान झाल्याचे लक्षण असू शकते. रात्रभर पावसात उभ्या असलेल्या गाडीच्या डिस्कवर दिसणारा हलका गंज मात्र पहिल्या काही ब्रेकमध्ये निघून जातो.

बदल

एका आसावरील दोन्ही चाकांचे पॅड एकाच वेळी बदलतात. अन्यथा ब्रेक लावताना गाडी एका बाजूस ओढली जाऊ शकते. डिस्कबाबतही हाच नियम पाळला जातो. नवे पॅड डिस्कशी नीट जुळेपर्यंत सुरुवातीचे काही अंतर जोरदार ब्रेक टाळावे लागतात. एकच पॅड दुसऱ्यापेक्षा बराच अधिक झिजला असल्यास कॅलिपर अडकत असण्याची शक्यता असते. तो दोष दूर न केल्यास नवे पॅडही लवकर संपतात.