बाळ बाळसं धरत नाही? ‘दृष्ट लागली’ म्हणून थांबू नका

आई एचआयव्हीबाधित असली की बाळ जन्मतःच वेगळं दिसतं, असा अनेकांचा समज आहे. तो खरा नाही. संसर्ग झालेलं बाळही जन्मताना बहुतेक वेळा इतरांसारखंच दिसतं. फरक पुढच्या काही महिन्यांत कळतो.

निरोगी बाळाचं वजन साधारण ५ महिन्यांत दुप्पट आणि वर्षभरात तिप्पट होतं. बाधित बाळाला औषध मिळालं नाही तर वजन अडकतं, उंचीही कमी भरते. विषाणू प्रतिकारशक्ती पोखरतो, आजार पाठ सोडत नाहीत आणि खाल्लेलं अंगी लागत नाही.

ही लक्षणं दिसली तर दवाखाना गाठा

- तोंडात पुन्हा पुन्हा पांढरा थर येणं
- १४ दिवसांहून जास्त जुलाब, वारंवार न्यूमोनिया
- मान, काख, जांघेत गाठी. यकृत-प्लीहा वाढून पोट फुगणं
- मान धरायला, बसायला उशीर, शिकलेलं विसरणं, डोक्याचा घेर न वाढणं

हीच लक्षणं कुपोषणात किंवा क्षयरोगातही दिसतात. त्यामुळे नुसतं बघून कुणी ठरवू नये, तपासणी करावी.

तपासणी कधी?

आईच्या रक्तातली प्रतिपिंडं बाळात १८ महिन्यांपर्यंत राहू शकतात. म्हणून तोवर साध्या तपासणीवर भरवसा ठेवता येत नाही. ६ आठवड्यांचं झाल्यावर बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन वेगळी तपासणी होते. ती निगेटिव्ह आली तरी ६, १२ आणि १८ महिन्यांच्या तपासण्या चुकवू नयेत.

उपचार न मिळालेल्या बाधित बाळांपैकी जवळपास निम्मी २ वर्षांच्या आत दगावतात. दक्षिण आफ्रिकेतल्या २००८ च्या अभ्यासात, लक्षणांची वाट न बघता औषध सुरू केलेल्या तान्ह्या बाळांतले मृत्यू ७६ टक्क्यांनी कमी झाले. औषध सुरू झालं की वजनही सावरतं.

गरोदरपणापासून आईने रोज गोळ्या घेतल्या आणि बाळाला सांगितलेलं औषध दिलं, तर संसर्गाचा धोका ५ टक्क्यांच्या खाली येतो. अंगावर पाजत असाल तर पहिले ६ महिने फक्त आईचंच दूध द्यावं, वरचं काही नको.

एआरटी केंद्रात औषधं मोफत मिळतात. २०१७ च्या कायद्याने नाव गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. माहितीसाठी १०९७ वर मोफत फोन करता येतो.