गाडीच्या रंगावरचा डिंक, राळ, चीक आणि चिकटा

भिलाईच्या टाउनशिपमध्ये सावलीला तोटा नाही. सोव्हिएत संघाच्या मदतीने पोलाद कारखाना उभारण्याचा करार 1955 मध्ये झाला. 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. कारखान्याबरोबर सेक्टर वसले, आणि त्यांच्या रस्त्यांवरची, क्वार्टरच्या अंगणांतली झाडं आता डेरेदार झाली आहेत. मे महिन्यात पारा 44 अंशांवर गेला की गाडी त्यांच्याखालीच लागते, आणि संध्याकाळी बॉनेटवर, टपावर चिकट थेंब दिसतात. मग हाताला येईल ते फडकं आणि मिळेल तो थिनर घेऊन घासाघीस सुरू होते. झाडाच्या थेंबाने जेवढा रंग खराब होत नाही, तेवढा या घासाघिशीने होतो.

थेंब कसला आहे ते आधी पाहा

झाडाखालच्या गाडीवर चार वेगवेगळ्या गोष्टी पडतात आणि चौघांवरचा उतारा एक नाही.

कडुलिंब, बाभूळ, शेवगा यांच्या खोडाफांद्यांतून येतो तो डिंक. तो म्हणजे शर्करेच्या रेणूंच्या लांबलचक साखळ्या. पाण्यात तो फुगतो, मऊ पडतो, सुटतो. स्पिरिट लावलं तर मात्र उलट आक्रसून आणखी घट्ट होतो. ‘स्पिरिटने सगळं निघतं’ हा सल्ला इथे साफ चुकतो.

राळेचं नेमकं याच्या उलट. छत्तीसगडचा राज्यवृक्ष साल, आणि त्याची राळ धूप म्हणून जाळली जाते. अचानकमारकडे किंवा बस्तरच्या सालवनात गाडी उभी करून आलेल्यांच्या टपावर ती सापडू शकते. डोंगराळ मुलखातल्या चीड वृक्षाची राळही याच जातीची. पाणी तिला शिवत नाही. स्पिरिट किंवा टर्पेंटाइन लागतं. पळस आणि कुसुमावर होणारी लाखही राळच, फक्त ती झाड नव्हे तर कीटक तयार करतो. लाकडाला फ्रेंच पॉलिश करणारे कारागीर ती स्पिरिटमध्येच विरघळवतात.

तिसरा चीक: वड, पिंपळ, उंबर, सातवीण, चाफा, फणस. फांदी मोडली की पांढरं दूध ठिबकतं आणि वाळल्यावर तपकिरी, ताणलं जाणारं पापुद्र्यासारखं होतं, कारण त्यात रबराचा अंश असतो. फणस कापणारी बाई आधी हाताला आणि विळीला तेल लावते. गाडीवरच्या वाळल्या चिकालाही तेलच मऊ करतं.

चौथा, आणि वसंतात सर्वांत जास्त त्रास देणारा, म्हणजे चिकटा. तो झाडाने थेट गाळलेला रस नव्हे. मावा, तुडतुडे, पिठ्या ढेकूण हे कीटक झाडाचा गोड रस शोषतात. त्या रसात साखर भरपूर आणि त्यांना हवी असलेली नत्रयुक्त द्रव्यं थोडी असतात. म्हणून ते खूप रस पितात आणि जास्तीची साखर बाहेर टाकतात. आंब्याला मोहोर आला की तुडतुडे वाढतात, आणि खाली लावलेल्या गाडीवर रात्रभर बारीक तुषार पडत राहतात. मोठे, पिवळसर, गोळीएवढे थेंब असतील तर डिंक किंवा राळ. काचेपासून डिकीपर्यंत सारखे बारीक ठिपके पसरले असतील तर चिकटा. तो ताजा असेपर्यंत साध्या पाण्याने जातो. आठवडाभर राहिला तर त्यावर काजळीसारखी काळी बुरशी धरते आणि काम वाढतं.

ओळख पटत नसेल तर थेंबावर कोमट पाण्यात भिजवलेलं कापड दोन मिनिटं ठेवावं. बुळबुळीत झाला तर डिंक किंवा चिकटा, काहीच फरक पडला नाही तर राळ, आणि नखाने रबरासारखा ताणला गेला तर चीक.

उन्हात काय बिघडतं

कारखान्यातून आलेल्या गाडीवर प्रायमर, रंग आणि सर्वांत वर पारदर्शक थर असे लेप असतात. तो वरचा थर साधारण 35 ते 50 मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसाहून पातळ. भर उन्हात काळ्या बॉनेटचा पत्रा 70 अंशांच्या आसपास तापू शकतो. त्या उष्णतेत वरचा थर किंचित मऊ पडतो, तर थेंब वाळून आक्रसतो आणि पृष्ठभागाला ओढ देतो. थेंब निघून गेल्यावरही मागे कडं उरतं ते यामुळे. थंडीत दोन दिवस चालून जाणारी दिरंगाई मे महिन्यात एका दुपारीच महागात पडू शकते.

भिलाईतली वेगळी अडचण

पोलाद कारखान्याच्या शहरात हवेतल्या धुळीबरोबर लोखंडाचे बारीक कणही येतात. चिकट थेंबावर ते अडकतात, आणि कोरडं फडकं फिरवलं की तेच कण रंगावर रेघा ओढतात. म्हणून इथे पहिली पायरी कायम एकच: भरपूर पाणी. पांढऱ्या गाडीवर बारीक तांबूस ठिपके दिसत असतील तर ते गंजलेले लोहकण. त्यांच्यासाठी थायोग्लायकोलेट असलेलं द्रव मिळतं. लोखंडाशी गाठ पडताच ते जांभळं होतं. सावलीत, थंड पत्र्यावर मारून, सुकू न देता ते धुवून टाकावं. क्ले बार फिरवायचा तर त्यानंतरच.

काढण्याची रीत

सकाळी, पत्रा हाताला गार लागत असताना काम करावं. आधी पाण्याने धूळ उतरवावी, मग गाडीच्या शाम्पूने धुवावं. डिंक आणि चिकटा असेल तर गरम, पण उकळतं नव्हे, अशा पाण्यात बुडवलेलं मायक्रोफायबर कापड थेंबावर पाच मिनिटं ठेवावं, पुन्हा ठेवावं. मऊ पडलेला थेंब उचलून घ्यायचा, घासायचा नाही. घाई इथे नडते.

राळेला औषधाच्या दुकानात मिळणारं 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल पुरतं. कापड त्याने ओलं करून अर्धा मिनिट टेकवावं, पुसावं, कापडाची बाजू बदलावी. आधी दाराच्या खालच्या कडेला करून पाहावं, विशेषतः तो भाग पुन्हा रंगवलेला असेल तर. चिकावर खोबरेल तेल लावून दहा मिनिटं थांबावं आणि मग शाम्पूने तेल पूर्ण उतरवावं, नाहीतर त्यावर धूळ बसते. काच सोपी आहे: ओल्या काचेवर नवं ब्लेड आडवं, कमी कोनात सरकवावं. वायपरचं रबरही पुसून घ्यावं.

एनसी थिनर आणि नेलपॉलिश रिमूव्हर यांना मी गाडीजवळ फिरकू देणार नाही. दोन्ही द्रावक पुन्हा रंगवलेल्या भागाला सोलू शकतात आणि हेडलाइटच्या पॉलिकार्बोनेटला तडे पाडू शकतात. रॉकेलने राळ निघते हे खरं, पण तेलकट थर राहतो आणि तापलेल्या बॉनेटवर ते धोक्याचंही आहे. भांडी घासायची हिरवी जाळी कधीच नको.

कडं उरलंच तर

नख फिरवून पाहावं. अडकत नसेल तर बारीक पॉलिशने हाताने काम होतं. अडकत असेल तर वरचा थर खोलवर गेला आहे. मशीनचं रबिंग अनुभवी माणसाकडूनच करून घ्यावं, कारण दर वेळी काही मायक्रॉन कायमचे कमी होतात. तीनचार वेळा जोरात रबिंग केलेल्या गाडीचा रंग उन्हात लवकर फिका पडतो.

पुन्हा बसू नये म्हणून

मेणाचा किंवा सीलंटचा थर असेल तर थेंब थेट रंगाला भिडत नाही आणि लवकर सुटतो. इथल्या हवामानात मेण जानेवारीच्या शेवटी, तुडतुडे वाढण्याआधी, एकदा आणि पावसाळ्याच्या तोंडावर पुन्हा एकदा लावलेलं बरं. धुळीच्या गाडीवर कव्हर चढवू नये. वाऱ्याने ते हलतं आणि कण घासले जातात. चिकट्यापायी झाडाच्या फांद्या तोडा म्हणणारे शेजारी भेटतात, मला ते मुळीच पटत नाही. मोहोराच्या दोन-अडीच महिन्यांत गाडी आंब्याऐवजी कडुलिंबाखाली लावावी, आणि दर दोन दिवसांनी एक बादली पाणी ओतावं.