कोणत्या बेटावर जावं?

निवृत्तीच्या पैशातून एकच मोठा प्रवास करायचा, असं आम्ही ठरवलं. हिच्या मनात गॅलापागोस, माझ्या मनात अंदमान. जळगावच्या उन्हात बसून समुद्रावरून वाद!

मुख्य भूमीपासून तुटलेल्या बेटावर एखादा पक्षी किंवा सरडा पोचला, की पिढ्यान्‌पिढ्या तिथंच बदलत राहतो आणि जगात इतरत्र नसलेली जात तयार होते. इक्वेडोरपासून सुमारे १००० किलोमीटरवरच्या गॅलापागोसला समुद्रात बुडी मारून शेवाळ खाणारे इग्वाना आहेत, दिसायला आपल्या घोरपडीसारखे. डार्विन तिथं १८३५ साली गेला होता. पण परदेशी पाहुण्याला नुसत्या प्रवेशाचे २०० डॉलर, विमानाचं भाडं वेगळंच.

अंदमानजवळ नारकोंडम हे जेमतेम सात चौरस किलोमीटरचं बेट आहे. तिथला धनेश जगात फक्त तिथंच. आपल्या खानदेशातला रानपिंगळा १८८४ नंतर ११३ वर्षं अभ्यासकांना सापडला नव्हता. १९९७ साली शहाद्याजवळ दिसला, पुढे इतर जंगलांतही आढळला. या धनेशाला मात्र दुसरं जंगलच नाही. म्हणून नारकोंडमवर पर्यटकांना सहजासहजी उतरू देत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

“मग न दिसणाऱ्या पक्ष्यासाठी अंदमान कशाला?” ही म्हणाली.

म्हटलं, चिडियाटापूच्या रानात अंदमानचा काळा सुतारपक्षी दिसेल, तोही दुसरीकडे मिळत नाही. भुसावळहून हावड्याची गाडी, कोलकात्याहून पोर्ट ब्लेअर, म्हणजे २०२४ पासूनचं श्रीविजयपुरम.

तिनं दुर्बीण पुसायला घेतली.