मोटार जळते तेव्हा आत काय होतं?

घर्षणाचा धडा शिकवताना आपण फळ्यावर लिहितो, ‘वंगणामुळे घर्षण कमी होते.’ मुलं पाठही करतात. पण वंगण नेमकं करतं काय, असं विचारलं की वर्ग गप्प! लातूर-नांदेडकडच्या मुलांसाठी याचं उत्तर बोअरमध्येच आहे. मोटार जळल्यावर घरात काय होतं, हे त्यांनी पाहिलेलं असतं.

बेअरिंग म्हटलं की सायकलचे छर्रे आठवतात. पाणी भरलेल्या सबमर्सिबल मोटारीच्या तळाच्या बेअरिंगमध्ये मात्र छर्रे नसतात. पंप पाणी वर ढकलतो, तेवढाच जोर खाली येतो (न्यूटनचा तिसरा नियम इथेच सांगून टाका). तो जोर एक गुळगुळीत फिरती चकती आणि तिच्यासमोरचे किंचित कलणारे तुकडे पेलतात. चकती पाणी सोबत ओढते, ते पाचरीसारख्या निमुळत्या फटीत शिरतं, दाब वाढतो आणि सगळा भार पाण्यावर तरंगतो. थर केसाहून पातळ, पण चकती तुकड्यांना टेकत नाही. वेग नसेल तर थर टिकत नाही, म्हणून लाईटच्या येण्या-जाण्याने मोटार सारखी चालू-बंद होणं वाईट.

हे कळलं ते प्रयोगशाळेत. 1883 मध्ये इंग्लंडात बोशाँ टॉवर रेल्वेच्या आसाची बेअरिंगं तपासत होते. तेल घालायला त्यांनी वरून भोक पाडलं, तर तेल उलट त्यातूनच वर येऊ लागलं. लाकडी खुंटी ठोकली, तीही बाहेर ढकलली गेली. बेअरिंगवरचा सरासरी दाब चौरस इंचाला 100 पौंड, आणि भोकाला जोडलेल्या मापकाचा काटा 200 च्या वर! त्याचं गणित ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी 1886 मध्ये मांडलं.

आता सील. मोटारीतलं पाणी आत आणि बोअरमधली रेती बाहेर ठेवणं हे त्याचं काम. ते झिजलं की रेती त्या पातळ थरात शिरते आणि चकतीवर ओरखडे उठतात. बोअर आटली तर दुहेरी संकट. पंपाच्या बुशांना पाणी मिळत नाही आणि मोटारीला बाहेरून थंड करणारा प्रवाहही थांबतो.

मोठ्या पंपांच्या ग्लँडमधून थेंब थेंब पाणी पडतं, ते मुद्दाम पडू देतात. गळती म्हणून कुणी नट आवळला की आतली दोरी करपते.

विष्णुपुरीला गोदावरीवर मोठी उपसा सिंचन योजना आहे आणि तिथेच श्री गुरु गोबिंद सिंघजी अभियांत्रिकी संस्था 1981 पासून आहे. मुलांना असा पंप नि असं महाविद्यालय एकाच दिवशी दाखवता आलं तर बघा. अनेक अभियांत्रिकी महाविद्यालयांत जर्नल बेअरिंगचं उपकरण असतं. शाफ्टभोवती काचेच्या नळ्या, आणि फिरायला लागलं की प्रत्येक नळीत तेल वेगळ्या उंचीला. कुठली नळी सगळ्यात उंच जाईल, हे मुलांना आधी ओळखायला सांगा. बरीच मुलं शाफ्टच्या बरोबर खालची सांगतील, पण ती तिथे नसते, थोडी बाजूला असते.