कोलन आणि बरोबरचं चिन्ह

मागच्या भागात आपण क्यूएमएलमध्ये खिडकी, बटण आणि मजकूर मांडला. आज फक्त दोन चिन्हांबद्दल बोलू. त्यांतला फरक मला नीट कळला नव्हता आणि त्याचा त्रास एका मुलाला झाला.

इंदूरच्या एका किराणा दुकानासाठी मी बिलाचा प्रोग्रॅम केला होता. महिन्याभराने काकांचा फोन आला, "अरे, स्टॉक बरोबर उतरतोय, पण गल्ला रोज शे-दोनशेने कमी भरतोय." संशय काउंटरवरच्या पोरावर. त्याला गल्ल्यावरून उठवून गोदामात पाठवलंही होतं.

मी जाऊन काउंटरमागे बसलो. आता गल्ल्यावर काका स्वतः होते. एका बाईंचं बिल झालं ३२७.४०. काकांनी 'राउंड ऑफ' दाबलं, ३२७ झाले. तेवढ्यात बाईंना तेलाची पिशवी आठवली, १६५ रुपयांची. ती बिलात चढली, स्टॉकमधून उतरली, आणि एकूण मात्र ३२७ वरच राहिलं! बाई पैसे देऊन गेल्यासुद्धा. कमी बिलाची तक्रार कोण करतो?

झालं काय, ते एक्सेलच्या उदाहरणाने पाहू. बेरजेच्या चौकटीत सूत्र असतं, तोवर वरचे आकडे बदलले की बेरीज आपोआप बदलते. त्याच चौकटीत हाताने ३२७ टाइप करा. सूत्र गेलं, उरला नुसता आकडा.

क्यूएमएलमध्ये प्रॉपर्टीपुढे कोलन देऊन लिहिलेली बेरीज म्हणजे असंच सूत्र. याला बाइंडिंग म्हणतात. जुन्या विजेट पद्धतीत बदलाचा सिग्नल पकडून नवा मजकूर आपणच लेबलवर लिहायचा. २०१० साली क्यूटी ४.७ सोबत क्यूटी क्विक आलं आणि ते काम बाइंडिंगने उचललं. पण बटणाच्या ऑनक्लिक्डमध्ये 'एकूण बरोबर राउंड केलेलं एकूण' असं लिहिलं, की बाइंडिंग कायमचं पुसलं जातं. एरर नाही, इशारा नाही. माझ्याकडे प्रत्येक बिलाला पान नव्याने तयार व्हायचं, म्हणून पुढचं बिल पुन्हा बरोबर. तपासताना मी राउंड ऑफ नेहमी शेवटीच दाबायचो, त्यामुळे मला हे कधी दिसलंच नाही.

दुरुस्ती छोटी आहे. एकूणला हातच लावायचा नाही. 'राउंड हवं का' अशी हो-नाहीची वेगळी प्रॉपर्टी ठेवा. बटणाने फक्त तीच बदलायची. देय रक्कम कोलननेच लिहा: हो असेल तर राउंड केलेली बेरीज, नाहीतर साधी बेरीज. आता तेल आलं की ४९२. कोडमधून नवं सूत्रच बसवायचं असेल, तर क्यूटी डॉट बाइंडिंगमध्ये फंक्शन द्यावं. मी ते क्वचितच वापरतो. सूत्रं कोडभर विखुरली की शोधताना जीव जातो.

क्यूटी ५.१० पासून आणखी एक सोय आहे. 'क्यूटी डॉट क्यूएमएल डॉट बाइंडिंग डॉट रिमूव्हल' या लॉगिंग कॅटेगरीची इन्फो पातळी चालू केली, की बाइंडिंग असं पुसलं गेल्यावर कन्सोलवर तशी ओळ येते. मूळ सोय गप्पच असते, हे मला अजून पटत नाही. ती चालू करून मी जुना प्रोग्रॅम काकांसमोर चालवला, राउंड ऑफ दाबलं. ओळ उमटली. काकांनी वाचली, त्यांना त्यातलं काही कळलं नसावं. पण उठून त्यांनी गोदामाकडे हाक मारली.