पक्षाघात आणि हाताचा व्यायाम

बऱ्हाणपुरात ज्यास सर्वजण 'लकवा' म्हणतात, तोच पक्षाघात होय. मेंदूच्या डाव्या भागाचा रक्तपुरवठा खंडित झाला की उजवे अंग लुळे पडते, आणि कापडाच्या पेढीवर बसणाऱ्या गृहस्थाचे ठाण उलगडणे व वही लिहिणे एकाच दिवशी थांबते. पुढे घरची मंडळी प्रेमापोटी त्यास घास भरवितात, सदऱ्याच्या गुंड्या लावून देतात, सकाळ-संध्याकाळ त्याचा हात वर-खाली करतात आणि व्यायाम झाला असे समजतात. या समजुतीविषयीच आम्हांस येथे लिहावयाचे आहे.

स्नायू काम करतो तेव्हा त्यात अत्यंत सूक्ष्म विद्युत् निर्माण होते. कातडीवर लहान चकत्या चिकटवून ती मोजता येते. त्या आलेखास डॉक्टर लोक ईएमजी म्हणतात. रोग्याचा हात दुसऱ्याने उचलला तर हात वर जातो खरा, पण आलेखाची रेघ बहुधा जवळजवळ सपाटच राहते. सांधे आखडू नयेत म्हणून त्याचा उपयोग आहे; परंतु स्नायूस आज्ञा देण्याचा सराव मेंदूस त्यातून फारसा घडत नाही. उलट रोगी स्वतः यत्न करू लागला की, डोळ्यांस हालचाल दिसत नसताही कित्येकदा रेघ थरथरते. लुळा दिसणारा हात सर्वस्वी मुका असतोच असे नाही.

दुसरी गोष्ट अधिक फसवी. समोरचा पेला घेण्यास सांगितले असता रोगी खांदा कानाकडे उचलतो, सबंध धड पुढे झुकवितो आणि पेला गाठतो. घरच्यांना आनंद होतो. वास्तविक कोपर सरळ करणारा, दंडामागील स्नायू तेव्हा मंद असतो. कधी कधी तर पुढचा, कोपर दुमडणारा स्नायू त्याच वेळी ताठून त्यास अडवितो. पाठ खुर्चीस टेकवून धरली तर कोपर अधिक उलगडते, असे प्रयोगांत आढळले आहे. हात किती लांब गेला, यापेक्षा तो कोणत्या स्नायूने नेला, हे जाणकाराकडून पाहून घ्यावे. १९५५ साली मुंबईस हाजी अली येथे सुरू झालेली अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था याच कार्यासाठी आहे, आणि भुसावळमार्गे मुंबई आपणांस काही परकी नाही.

२००६ साली अमेरिकेतील २२२ रोग्यांच्या एका चाचणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. त्यांपैकी एका गटाच्या चांगल्या हातावर दोन आठवडे, जागेपणीचा बहुतेक काळ, मोजा चढवून दुबळ्या हाताकडूनच कामे करून घेतली. वर्षभरानंतरही त्या गटाचा हात अधिक उपयोगी राहिला. अर्थात या रोग्यांना मनगट व बोटे थोडी तरी हलविता येत होती. सर्वांस हा उपाय लागू नाही.

तेव्हा गुंडी लावण्यास वेळ लागला तरी लागू द्यावा. फिजिओथेरपिस्टची संमती असल्यास घरी हलक्या कापडाची घडी दोन्ही हातांनी उलगडावयास द्यावी. मात्र रोग्यास अंथरुणावरून उठविताना लुळ्या हातास धरून कदापि ओढू नये. त्या खांद्याचा सांधा सैल झालेला असतो.